मापात पाप नव्हे, मापात हवा

गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक डझन हापूस वाया गेले. चोरीला गेले नाहीत, सडलेले निघाले नाहीत. मी त्यांचा साखरांबा केला, बरण्या भरल्या, झाकणं घट्ट लावली, आणि तीन आठवड्यांनी पहिली बरणी उघडली तेव्हा सोड्याच्या बाटलीसारखा ‘फस्स’ आवाज आला. वर बारीक बुडबुडे, आंबूस वास. साखरांब्याची दारू व्हायला लागली होती.

सिंगापुरात हापूस मिळतो, पण तो किती जपून आणि काय भावानं घ्यावा लागतो हे इथे राहणाऱ्या मंडळींना सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये लिटल इंडियात पेट्या दिसायला लागल्या की आपण आधी वास घेतो, मग भाव विचारतो, मग मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतो, आणि शेवटी घेतोच. त्यामुळे डझनभर आंबे केराच्या डब्यात टाकताना जीव हळहळला. त्याहून वाईट वाटलं ते वेगळ्या कारणानं. हा साखरांबा दरवर्षी आई रत्नागिरीहून पाठवायची. आता तिचे सांधे धरतात, विळीवर बसवत नाही. “यंदा तूच कर,” ती म्हणाली होती. कृती तिनं फोनवर सांगितली आणि मी शब्दन् शब्द लिहून घेतली होती:

‘चार वाट्या आंबा, चार वाट्या साखर. उकळी आली की पाव तास ढवळत राहायचं. लवंगा दोन.’

मी नेमकं तेच केलं होतं. मग चुकलं कुठे?

“वाटी कुठली घेतलीस?” आईनं विचारलं.

“अगं, दोन्हीला एकच घेतली. प्रमाण सारखंच राहिलं ना!”

“मग आंबा कसा चिरलास?”

“चिरला नाही. चॉपरमधून काढला. वेळ वाचतो.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “अरे, मी फोडी मापते. तू लगदा मापलास.”

एवढ्या एका वाक्यात उत्तर होतं. पण ते का उत्तर आहे हे समजायला मला वजनकाटा काढावा लागला. आजचा लेख त्या काट्यावर काय दिसलं त्याबद्दल.

वाटीत फळ किती आणि हवा किती?

एक वाटी दूध म्हणजे एक वाटी दूधच. द्रव पदार्थ भांड्याचा कोपरान् कोपरा भरून काढतो. पण एक वाटी फोडी म्हणजे काही फोडी आणि त्यांच्या फटींमधली बरीचशी हवा. आपण वाचतो ‘एक वाटी आंबा’, पण वाटीत प्रत्यक्षात पाऊण वाटीही आंबा नसतो.

मग किती असतो? अमेरिकेच्या कृषी विभागानं पदार्थांच्या घटकांचा जो मोठा कोश केलेला आहे, त्यात ‘एक कप’ म्हणजे त्या त्या फळाचे किती ग्रॅम हे दिलेलं असतं. त्यांचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. त्यातली काही फळं बघा:

पपई, इंचभर फोडी: १४५ ग्रॅम. कुस्करलेली पपई: २३० ग्रॅम.
केळी, चकत्या: १५० ग्रॅम. कुस्करलेली केळी: २२५ ग्रॅम.
स्ट्रॉबेरी, अख्खी: १४४ ग्रॅम. अर्धी कापलेली: १५२. चकत्या: १६६. पूर्ण गर: २३२ ग्रॅम.

आता प्रत्येक फळात फोडींच्या वजनाला गराच्या वजनानं भागा. पपई ०.६३, केळी ०.६७, अख्खी स्ट्रॉबेरी ०.६२. फळं वेगळी, आकार वेगळे, पण उत्तर फिरून फिरून ‘दोन तृतीयांशाच्या आसपास’ येतं. म्हणजे फोडींनी भरलेल्या कपात ढोबळमानानं दोन भाग फळ आणि एक भाग हवा. आंब्याच्या फोडींचा कप १६५ ग्रॅमचा भरतो. आंब्याचा गर पाण्यापेक्षा किंचित जड, साधारण १.०५ पट धरला तर तोच कप गरानं भरल्यावर सुमारे २५० ग्रॅम होतो. भागाकार पुन्हा ०.६६!

हा निव्वळ योगायोग नाही. त्यामागे फळवाल्यापासून सुरू होऊन थेट गणितापर्यंत पोचणारी गोष्ट आहे.

संत्र्यांचा ढीग आणि केप्लर

टेक्का मार्केटातला फळवाला संत्री कशी रचतो ते आठवा. खालच्या थरातल्या तीन-चार संत्र्यांमध्ये जी खोबण तयार होते, तिच्यात वरचं संत्रं बसवतो. १६११ साली योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञानं हिमकणांवरच्या एका छोट्या पुस्तिकेत असं मत मांडलं की सारख्या आकाराचे गोळे याहून दाट रचताच येणार नाहीत. या रचनेत गोळ्यांनी व्यापलेली जागा सुमारे ७४ टक्के असते. म्हणजे कितीही मन लावून रचलं तरी २६ टक्के हवा उरतेच. हे सिद्ध व्हायला जवळजवळ चारशे वर्षं गेली. थॉमस हेल्स या गणितज्ञानं १९९८ मध्ये संगणकाच्या मदतीनं सिद्धता जाहीर केली. जो फळवाल्याला हाताच्या सवयीनं ठाऊक होता, तो नियम गणिताला पटायला इतका वेळ लागला.

पण आपण फोडी रचत नाही, ओततो. सारखे गोळे भांड्यात नुसते ओतून हलवले तर व्यापलेली जागा ६४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. अख्ख्या स्ट्रॉबेरीचा आकडा होता ६२. स्ट्रॉबेरी काही काटेकोर गोळा नाही, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळायची अपेक्षा नाही, पण दिशा तीच आहे.

इथे एक गंमत आहे. चौकोनी फोडी नीट रचल्या तर त्या फरशीच्या लाद्यांसारख्या बसतील, फट राहणारच नाही. पण ओतलेल्या फोडी कधी कोपऱ्यावर उभ्या राहतात, कधी एकमेकींना आडव्या जातात आणि खाली पोकळी सोडतात. म्हणून वाटीतली हवा ठरते ती फळाच्या जातीपेक्षा फोडी कशा पडल्या यावरून.

बारीक चिरलं की जास्त मावतं का?

बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असेल. माझंही होतं. पण थोडं थांबा. एक वाटी मोहरी आणि एक वाटी साबुदाणा घेतला तर मोहरीत हवा कमी असते का? दाणे सारख्याच घडणीचे आणि वाटीच्या मानानं लहान असतील, तर फटींचं एकूण प्रमाण जवळजवळ तेच राहतं. लहान दाण्यांत फटी लहान होतात, पण त्यांची संख्या वाढते. निव्वळ आकार लहान केल्यानं हवा कमी होत नाही.

मग फोडी बारीक केल्यावर वाटीत जास्त फळ मावतं, ते का? कारणं चार आहेत.

पहिलं, वाटीच्या कडा. मोठी फोड वाटीच्या गोल भिंतीला टेकून बसू शकत नाही, तिथे मोठी पोकळी राहते. वाटी लहान आणि फोड मोठी असेल तर हा तोटा बराच असतो. परातीत तो जाणवतही नाही.

दुसरं, मिसळ. हातानं चिरताना सगळ्या फोडी सारख्या होत नाहीत. मोठ्या फोडींच्या फटींत लहान फोडी जाऊन बसतात. खडीच्या ढिगात वाळू ओतली तर ढीग फारसा वाढत नाही, तसंच.

तिसरं, मऊपणा. पिकलेली पपई किंवा स्ट्रॉबेरीची चकती वजनानं वाकते आणि फट बुजवते. म्हणून चकत्या केल्यावर स्ट्रॉबेरी १५२ वरून १६६ ग्रॅमवर गेली. सफरचंदाची चकती मात्र ताठ असते. तिथे उलट होतं: चिरलेलं सफरचंद कपात १२५ ग्रॅम भरतं आणि चकत्या ११० ग्रॅमच्या आसपास.

चौथं, रस. फळ जितकं बारीक चिराल तितक्या जास्त पेशी फुटतात, रस सुटतो आणि तो फटीत शिरून हवेची जागा घेतो. चॉपरमध्ये हे टोकाला जातं. स्ट्रॉबेरी चकत्यांवरून गरावर गेली तेव्हा १६६ वरून एकदम २३२ ग्रॅम झाली. माझ्या आंब्याचं तेच झालं होतं.

फळाच्या आतली हवा

सफरचंदाचा आकडा इतरांहून खाली का? १२५ ग्रॅम म्हणजे फारच कमी. त्याचं कारण फोडींच्या मध्ये नाही, फोडींच्या आत आहे. सफरचंदाच्या पेशींमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि फळाच्या घनफळाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा निव्वळ हवा असते. म्हणून सफरचंद पाण्यावर तरंगतं. आंबे खाण्याआधी आपण बादलीत टाकतो तेव्हा चांगला तयार आंबा बहुधा तळाशी जाऊन बसतो, कारण त्याच्या गरात अशी हवा फारशी नसते.

एकूण, वाटीतली हवा दोन जागी दडलेली असते: फोडींच्या मध्ये आणि फळाच्या आत. पहिली तुमच्या सुरीवर अवलंबून, दुसरी फळाच्या जातीवर.

घरी करून बघा

ही हवा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणि पाणी पुरे.

१. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्य करा. कप काठोकाठ पाण्यानं भरा. आकडा ग्रॅममध्ये येईल, आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर, म्हणून तेच कपाचं घनफळ.

२. कप पुसून त्यात फळाच्या फोडी सपाट भरा. वजन लिहा.

३. काटा पुन्हा शून्य करा आणि फोडींवर हळूहळू पाणी ओतून कप काठोकाठ भरा. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे फटींमधल्या हवेचे मिलिलिटर.

समजा कप २५० मिलिलिटरचा निघाला, फोडी १७२ ग्रॅम भरल्या आणि वर ८५ ग्रॅम पाणी मावलं. मग फळाचं खरं घनफळ २५० उणे ८५, म्हणजे १६५ मिलिलिटर. भरीव भाग १६५ भागिले २५०, म्हणजे ६६ टक्के. आणि फळाची घनता १७२ भागिले १६५, सुमारे १.०४. एका कपात दोन उत्तरं मिळाली! फळ तरंगणारं असेल तर गाळणी उलटी दाबून धरा, आणि पाणी ओतून झालं की लगेच वाचा, नाहीतर फोडी पाणी पितात. मुलांना सुटीत हा उद्योग द्यायला उत्तम आहे. उरलेल्या फोडी त्यांनाच संपवू द्या.

आता माझ्या साखरांब्याचा पंचनामा

आईची वाटी मी मागवून घेतली. पाण्यानं मोजली तर १५० मिलिलिटर भरली. आता दोन्ही साखरांबे शेजारी मांडू.

साखर सपाट मापानं दर १०० मिलिलिटरला सुमारे ८५ ग्रॅम भरते. चार वाट्या, म्हणजे ६०० मिलिलिटर, साखर झाली ५१० ग्रॅमच्या आसपास. ती दोघांचीही सारखीच.

आईच्या चार वाट्या फोडी: ६०० गुणिले ०.७, म्हणजे ४२० ग्रॅम आंबा.
माझा चार वाट्या लगदा: ६०० गुणिले १.०५, म्हणजे ६३० ग्रॅम आंबा.

कागदावर दोघांचं प्रमाण एकास एक. काट्यावर माझ्याकडे दीडपट फळ, म्हणजे दीडपट पाणी.

साखरांबा टिकतो तो साखरेमुळे, हे खरं. पण नेमकं कशामुळे? साखर पाण्याला धरून ठेवते. बुरशीला आणि किण्वाला वाढायला मोकळं पाणी लागतं, ते मिळेनासं होतं. त्यासाठी विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण वजनानं ६५ टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. भारतातल्या अन्नमानकांत जॅमसाठी किमान ६५ टक्क्यांची अट आहे ती याचमुळे. हे प्रमाण ‘ब्रिक्स’ या अंशांत मोजतात.

हिशेबापुरतं असं धरू की पिकल्या आंब्यात स्वतःची साखर वगैरे धरून १५ टक्के घन पदार्थ असतात.

आईचा साखरांबा: ५१० ग्रॅम साखर आणि आंब्यातले ६३, एकूण घन ५७३ ग्रॅम. सगळं मिश्रण ९३० ग्रॅम. सुरुवातच जवळजवळ ६२ टक्क्यांनी. ६५ टक्क्यांवर यायला मिश्रण ८८० ग्रॅम व्हायला हवं, म्हणजे फक्त ५० ग्रॅम पाणी उडवायचं. पाव तासात आरामात होतं.

माझा साखरांबा: ५१० आणि ९४, एकूण घन ६०४ ग्रॅम. सगळं मिश्रण ११४० ग्रॅम. सुरुवात ५३ टक्क्यांनी. ६५ वर यायला मिश्रण ९३० ग्रॅम व्हायला हवं, म्हणजे २१० ग्रॅम पाणी उडवायचं. चौपटीहून जास्त!

आणि मी घड्याळ लावून पाव तासच ढवळलं होतं. तेवढ्यात आईइतकंच ५० ग्रॅम पाणी उडालं असं धरलं, तर माझा साखरांबा जेमतेम ५५ टक्क्यांवर बरणीत गेला. वर सिंगापूरची हवा: बारा महिने उबदार, दमट, किण्वाला हवी तशी. बरणी बाहेर ओट्यावर. बाकी काम किण्वानं केलं.

कृती चुकीची नव्हती आणि आंबाही चांगला होता. दोन वेगळ्या वस्तूंना ‘एक वाटी’ हे एकच नाव होतं.

वाटी, चुपाक आणि काती

हा घोळ नवा नाही. आपल्याकडे धान्य मापानं विकायचे आणि गूळ वजनानं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, ही मापी कोष्टकं आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असत. पण ‘शेर’ वजनाचाही होता आणि मापाचाही. मापाचा शेर ज्वारीनं भरला की एक वजन, तांदळानं भरला की दुसरं. शिवाय माप सपाट की शिगोशीग, ओतताना हलकेच ओतलं की धक्के देऊन बसवलं, यावर पसाभर धान्य इकडचं तिकडे होई. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार तिथूनच आला असावा. भारतानं १९५६ च्या कायद्यानं दशमान पद्धत आणली आणि शेर-पायली हळूहळू बाजारातून गेली. लग्नात उंबरठ्यावर नवरी ओलांडते ते माप तेवढं राहिलं.

गंमत म्हणजे सिंगापुरातही अगदी असंच होतं. तांदूळ मोजायचा तो चुपाक आणि गांतांग या मापांनी, आणि चार चुपाकांचा एक गांतांग, आपल्या चार शेरांच्या पायलीसारखा! वजनासाठी काती आणि ताहिल: सोळा ताहिलांची एक काती, म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. १९७० च्या दशकात इथेही मेट्रिक पद्धत रुजली, पण ओल्या बाजारातले जुने विक्रेते अजून ‘एक काती’ म्हणतात. तेव्हा ते सहाशे ग्रॅम समजावेत.

आणि आपल्या इथल्या स्वयंपाकघरात? माझ्याच ओट्यावर चार ‘कप’ सापडले. मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकी पुस्तकातला सुमारे २४० चा, राइस कुकरबरोबर आलेला १८० चा, आणि आता आईची १५० ची वाटी. आंबा एका कपानं आणि साखर दुसऱ्यानं मोजली तर प्रमाण कोलमडलंच. म्हणून पहिला नियम: सगळं मापानं घ्यायचं असेल तर भांडं एकच घ्या. आणि दुसरा: भांडं एकच असलं तरी चिरण्याची तऱ्हा बदलू नका.

प्रसादाच्या शिऱ्याचं काय?

मापातून वजनात जाताना आणखी एक खड्डा लागतो, तो माणसं वाढली की. सत्यनारायणाच्या प्रसादात सगळं सव्वा: सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी केळ्याचे काप. घरच्यापुरतं वाटीनं छान होतं. पण शंभर माणसं यायची असली की कुणीतरी सरळ यादी करतं: सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो केळी. इथे माप गेलं आणि वजन आलं, पण आकडा तोच राहिला.

रवा दर १०० मिलिलिटरला ७० ग्रॅम भरतो. सव्वा किलो रवा म्हणजे सुमारे १७८५ मिलिलिटर. तेवढ्याच मापाची साखर दीड किलो होते, सव्वा नव्हे. तेवढ्याच मापाचे केळ्याचे काप सव्वाअकराशे ग्रॅम होतात, पण ते सोललेले! केळ्याच्या वजनात एक तृतीयांशाहून थोडं जास्त साल असतं, म्हणून बाजारातून पावणेदोन किलो केळी आणायला हवीत. यादीप्रमाणे आणली तर शिरा अगोड आणि केळ्यांचा नुसता वास. अननसाचा शिरा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अख्ख्या अननसातलं जवळजवळ अर्धं वजन साल, देठ आणि दांड्यात जातं. आंब्यात साल आणि कोय मिळून साधारण तीस टक्के.

ताटातला ‘एक कप’

हा हिशेब फक्त चवीचा नाही. मधुमेह असलेल्या माणसाला कुणी सांगितलं की ‘एक कप आंबा चालेल’, तर फोडींचा कप १६५ ग्रॅमचा, त्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं. तोच कप आमरसानं भरला तर सुमारे २५० ग्रॅम आंबा आणि ३७ ग्रॅम कर्बोदकं, वरून साखर न घालता. शब्द तेच, साखर दीडपट. ज्या घरात इन्शुलिनचा डोस जेवणातल्या कर्बोदकांवरून ठरतो, तिथे फळ काट्यावर ठेवणंच शहाणपणाचं.

फ्रिजच्या दारावर लावायला

दर १०० मिलिलिटर मापात साधारण इतके ग्रॅम (आपल्या भांड्याचं घनफळ पाण्यानं मोजून त्या पटीत घ्या):

आंबा, फोडी: ७०
आंबा, गर: १०५
अननस, फोडी: ७०
पपई, फोडी: ६१
केळी, काप: ६३
केळी, कुस्करलेली: ९५
सफरचंद, चिरलेलं: ५३
स्ट्रॉबेरी, अर्धी: ६४
साखर: ८५
रवा: ७०

कोष्टक जवळ नसेल तर तोंडी नियम: रसाळ फळाच्या तीन वाट्या फोडी म्हणजे दोन वाट्या गर. सफरचंदाला हा नियम लावू नका, त्याची हवा आत आहे.

आणि एक लक्षात असू द्या. घनफळांची बेरीज फसवते, वजनाची नाही. एक कप पाण्यात एक कप साखर विरघळवून बघा: दोन कप होत नाहीत, दीड कपाच्या आसपास पाक होतो. फोडींवर साखर घालून रात्रभर ठेवा: साखर फळातलं पाणी ओढून घेते, फोडी आक्रसतात, पातेल्यातली पातळी खाली जाते. पण काट्यावर आदल्या रात्रीचाच आकडा असतो.

यंदाचा साखरांबा

या मे महिन्यात पुन्हा एक डझन आणले. यावेळी आईची कृती वजनात लिहिली: एक किलो फोडींना १२०० ग्रॅम साखर. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलं. घन पदार्थ १२०० आणि १५०, म्हणजे १३५०. त्याला ०.६५ नं भागलं की २०७७ ग्रॅम. थोडक्यात, २२०० ग्रॅमचं मिश्रण सुमारे २०७५ वर आलं की गॅस बंद. मध्येमध्ये पातेलं लाकडी पाटावर, पाट काट्यावर, असं वजन करत गेलो (पाटाचं वजन वजा करायला विसरू नका, आणि गरम पातेलं थेट काट्यावर कधीच ठेवू नका). घड्याळाकडे बघितलंच नाही.

साखर कमी हवी असेल तरी हाच हिशेब वापरा. किलोला ६०० ग्रॅम साखर घेतलीत तर मिश्रण १६०० वरून साधारण ११५० वर आणावं लागेल, म्हणजे बराच वेळ आणि गडद रंग. तेवढं आटवायचं नसेल तर तो साखरांबा नव्हे, फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवायचा पदार्थ समजा. आणि ज्या बरणीतून ‘फस्स’ आवाज आला ती चव न बघता टाकून द्या.

बरण्या भरून झाल्यावर आईला फोन केला. आकडे वाचून दाखवले. ती ऐकत होती. मग म्हणाली, “किलोला बाराशे ग्रॅम? मग मी इतकी वर्षं बरोबरच करत होते की!”

होतीसच, म्हटलं. तुझा काटा तुझ्या हातात होता. विळीवर पडणारी फोड पन्नास वर्षं एकाच आकाराची पडत होती, म्हणून तुझी वाटी चुकत नव्हती. ती वाटी माझ्याकडे पोचली, पण हात काही कुरियरनं येत नाही.

दोन महिने झाले. काल तिसरी बरणी उघडली. आवाज आला नाही. तुमच्याही घरी आईच्या किंवा सासूबाईंच्या हातची ‘वाटी’ची कृती असेल, तर पुढच्या वेळी त्या करत असताना शेजारी काटा घेऊन उभे राहा. वाटी रिकामी व्हायच्या आत तिचं वजन लिहून घ्या.